डोंब : ज्वाळा आणि जात

डोंबिवली हे नाव आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. त्यातील ‘वली’ म्हणजे पल्ली, वस्ती, असे सांगतात. बोरिवली, कांदिवली या नावांतही ती आहे. मग ‘डोंब’ कोण? ही डोंबांची वस्ती, अशी एक व्युत्पत्ती प्रचलित आहे. तिला कोणी शिलालेखाचा पुरावा मागेल; मागावाच. मात्र बोरिवलीच्या बोरींना तो कोणी मागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मराठीत डोंब दोन आहेत. एक डोंब म्हणजे ज्वाळा. भुकेचा आगडोंब उसळतो, दंगलीचा उसळतो. हा शब्द अग्रलेखातही मानाने बसतो. दुसरा डोंब म्हणजे माणूस, आणि तो शिवीच्या जागी वापरला जातो. सवंग प्रदर्शनाला आपण सहज ‘डोंबाऱ्याचा खेळ’ म्हणतो. अर्थाने या दोघांचे नाते नाही. त्यांना शेजारी आणून बसवले ते स्मशानाने. हरिश्चंद्राच्या कथेने चितेजवळचा डोंब एवढेच चित्र आपल्या मनावर ठसवले.

इतिहासातला डोंब निराळा आहे. अल्-बेरुनीने 1030 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात डोम हे वाद्य वाजवणारे व गाणारे लोक आहेत. मात्र त्यांची गणना कोणत्याही जातीत होत नाही, हेही तो तिथेच नोंदवतो. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त दहाव्या शतकातला काश्मीरचा राजा चक्रवर्मा हा रंग नावाच्या डोंब गायकाच्या हंसी या मुलीला पट्टराणी करतो. कल्हणाला खुपतो तो राजाचा कारभार तेवढाच नव्हे. राणीची जातही खुपते. युरोपातील रोमा लोकांचे नावही ‘डोम’ या शब्दापासून आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

म्हणजे गळा, वाद्य आणि कसरत यांवर जगणारा हा समाज. व्यवस्थेने त्याची कला उंबऱ्यापर्यंत येऊ दिली आणि कलावंताला वेशीबाहेर ठेवले. महाराष्ट्रात डोंबारी आज भटक्या जमातींच्या यादीत आहेत. ज्यांच्या नावाने वस्ती असल्याचे सांगतात, त्यांचे भाईबंद पालात राहिले.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली आणि हे नाव तिच्या शिक्क्यावरही चढले. शब्दाचा अर्थ कोशकार लिहितो. त्याची पत मात्र समाज ठरवतो. ज्वाळेला मिळालेला मान माणसाला मिळत नाही, तोवर हा शब्द आपल्या जिभेवर भाजतच राहिला पाहिजे.