सरळ जावे की वळावे? समुद्री कयाकच्या तळाची कहाणी

होडीच्या आकाराचा विचार करताना वेग आणि स्थैर्य यांची चर्चा नेहमी होते. वळण्याचा प्रश्न मागे राहतो. हा प्रश्न किती अवघड आहे, हे पाहण्यासाठी आम्ही येथे ग्रीनलंडच्या कयाककडे वळत आहोत.

ग्रीनलंडमध्ये होड्यांना पुरेल असे लाकूड उगवत नाही. तेथील इन्युइट शिकारी समुद्रातून वाहत आलेल्या ओंडक्यांपासून सांगाडा करीत, तो वाद्यांनी बांधीत आणि त्यावर सीलचे कातडे शिवीत. होडीची लांबी 5 मीटरच्या आसपास, रुंदी मात्र जेमतेम अर्धा मीटर. तीत एकटा माणूस बसून सीलच्या मागावर जाई. त्या बर्फाळ पाण्यात होडी ऐन वेळी वळली नाही, तर घरी उपासमार होई किंवा शिकाऱ्याच्या जिवावर बेते.

लांब, सरळ तळाची होडी दिशा धरून राहते. तिला वळवायचे, तर दोन्ही टोकांना बाजूचे पाणी ढकलावे लागते. टोके मध्यापासून जितकी दूर आणि पाण्यात जितकी खोल, तितका हा विरोध अधिक. याउलट तळ केळ्यासारखा वाकलेला असेल, तर टोके वर राहतात आणि होडी चटकन वळते; पण मग वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी तिचे तोंड डावी-उजवीकडे हलते. एकाच तळात हे दोन्ही गुण पुरेपूर मिळणे शक्य नाही.

शिकाऱ्यांनी यातून वाट काढली ती होडी कलती करून. होडी अंगाला घट्ट बसत असल्यामुळे कमरेच्या हालचालीने ती एका कुशीवर झुकवता येई. डावीकडे झुकवली, की डाव्या बाजूचा मधला फुगीर भाग पाण्यात उतरतो आणि टोके थोडी उचलली जातात. पाण्यात आता सरळ तळाऐवजी वक्र कड असते, आणि होडी उजवीकडे वळू लागते. म्हणजे एकाच होडीला दोन तळ मिळाले!

पुढे शिकाऱ्यांच्या हाती बंदूक आली. नेम धरताना वल्हे सोडावे लागे, आणि तेवढ्या वेळात होडीने दिशा बदलून चालत नसे. म्हणून पश्चिम ग्रीनलंडमध्ये मागच्या टोकाखाली एक लाकडी पंख बांधण्याची पद्धत आली. गरज संपली, की तो काढता येई.

1959 साली केन टेलर हा स्कॉटलंडमधील विद्यार्थी पश्चिम ग्रीनलंडमधील इलोर्सुइत गावी गेला आणि तेथे बांधलेली एक कयाक घेऊन परतला. तिच्या मोजमापांवरून पुढे ब्रिटनमध्ये प्लायवूडच्या आणि फायबरग्लासच्या होड्या तयार झाल्या. 1975 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याने नॉर्डकॅपपर्यंत जाणाऱ्या मोहिमेसाठी फ्रँक गुडमन यांनी जी होडी आखली, तिलाही त्या टोकाचेच नाव मिळाले.

मोकळ्या समुद्रात मात्र वाऱ्याचा प्रश्न होता. होडी पुढे जात असताना तिचे पुढचे टोक पाण्याच्या दाबाने जागच्या जागी धरलेले असते. मागचे टोक ढवळलेल्या पाण्यात सैल असते. बाजूने वारा आला, की मागचे टोक वाहवते आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे वळते. यावर उपाय म्हणून नॉर्डकॅपच्या पुढील एका आवृत्तीत मागच्या टोकाखाली कायमचा पंख आला. होडी दिशा धरू लागली, पण वळायला जड झाली. शेवटी दोरीने खाली-वर करता येणारा पंख रूढ झाला. गरजेपुरता पंख वापरण्याची शिकाऱ्यांची युक्ती कारखान्याने दुसऱ्या रूपात स्वीकारली होती.

2017 मध्ये दरड कोसळून उसळलेल्या त्सुनामीनंतर इलोर्सुइत रिकामे करावे लागले. तेथील होडीचा आकार मात्र अनेक देशांच्या किनाऱ्यांवर पोहोचला आहे.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. सारख्या जाडीच्या थर्मोकोलचे 30 × 4 आणि 12 × 10 सेंटिमीटरचे दोन तुकडे पाण्यावर ठेवावेत आणि हाताने गोल फिरवून सोडावेत. कोणता आधी थांबतो आणि का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.