चांदोबा रेडिओवर आला तेव्हा

अमेरिकेत सर्वाधिक पाहिलेलं प्रक्षेपण कोणतं? सरासरी प्रेक्षकसंख्येत २०२५ चा सुपर बोल, सुमारे १२.७७ कोटी. पण २८ फेब्रुवारी १९८३ ला 'मॅश' मालिकेचा शेवटचा भाग जवळपास १०.६ कोटी लोकांनी पाहिला, तेव्हा देशाची लोकसंख्या साधारण २३ कोटी होती. शंभरातले पंचेचाळीस! सुपर बोल चाळिशीच्या आतच राहिला.

त्याआधी, २० जुलै १९६९ ला चंद्रावरचं पहिलं पाऊल इथल्या घराघरांत टीव्हीवर दिसलं. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. तिथे हा सोहळा रेडिओवरच ऐकायचा होता.

म्हणून रविवारी आजी-आजोबांना फोन लावाल तेव्हा विचारा, "तुम्ही चांदोबा कसा ऐकलात?" स्पीकर चालू ठेवा, मुलांनाही ऐकू द्या. ही आठवण सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.