पायॉन-निर्मितीच्या मोजणीतील एक जुना मतभेद

१३ नोव्हेंबर १९७० रोजी अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेच्या बारा फुटी बुद्बुद-कोठीत न्यूट्रिनोच्या टकरीचे छायाचित्र मिळाले. हायड्रोजन भरलेल्या कोठीतील असे ते पहिलेच. न्यूट्रिनो विद्युत्भाररहित असल्याने त्याची रेषा उमटत नाही. एका बिंदूपासून निघालेल्या तीन रेषा मात्र दिसतात : म्यूऑन, प्रोटॉन आणि पायॉन. हे पहिले दर्शन पायॉन-निर्मितीचेच असावे, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

पुढे आरगॉन (१९८२) व ब्रुकहेवन (१९८६) येथील गटांनी ड्यूटेरियममधील मोजणी प्रसिद्ध केली. ब्रुकहेवनचे आकडे ३० ते ४० टक्क्यांनी अधिक होते. ही तफावत क्षुल्लक नव्हे. कार्बन वा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रात निर्माण झालेला पायॉन बाहेर पडण्यापूर्वीच शोषला जाऊ शकतो; मग टक्कर पायॉनविरहित भासते व न्यूट्रिनोची ऊर्जा चुकीची आकारली जाते. ही चूक सुधारावयाची तर मुळात एकट्या न्यूक्लिऑनवर पायॉन किती निर्माण होतात, हे ठाऊक हवे. आणि त्या कोठ्या तर केव्हाच बंद पडलेल्या.

न्यूट्रिनोंचा झोत थेट मोजता येत नाही, त्याचा अंदाजच बांधावा लागतो. संशय तेथेच होता. २०१४ मध्ये विल्किन्सन, रॉड्रिग्ज प्रभृतींनी पायॉन-घटनांच्या संख्येला त्याच कोठीतील पायॉनविरहित, लवचिकसदृश टकरींच्या संख्येने भागले. भागाकारात झोताचा अंदाज गळून पडतो. दोन्ही प्रयोगशाळांची गुणोत्तरे जुळली, आणि ब्रुकहेवनचे आकडे आरगॉनच्या आकड्यांजवळ येऊन बसले.