कुठला तुकाराम?

हेब्बाळच्या आमच्या इमारतीत महिन्यातून एका शनिवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवतात. भिंतीवर पांढरं कापड, कुणाच्या तरी ऑफिसातून आणलेला प्रोजेक्टर, मागे टेबलावर चहाचा थर्मास. सिनेमा दोन तासांत संपतो. त्यावरची मतं मात्र महिनाभर लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी आणि तलावाकाठच्या फेरीत चालू राहतात. ओझूचा ‘तोक्यो स्टोरी’ पाहून तिसऱ्या मजल्यावरचे बंगाली गृहस्थ म्हणाले होते, “छान आहे, पण हे आमच्या घरी रोज चालतं, त्यासाठी जपानला कशाला जायचं?” ‘बायसिकल थीव्हज’ संपल्यावर एका मुलानं विचारलं होतं, की त्या माणसानं सायकलला कुलूप का नाही लावलं. ‘सैराट’च्या रात्री दोन तट पडले: एक मराठी मूळ पाहिलेल्यांचा, दुसरा २०१७ चा कन्नड ‘मनसु मल्लिगे’ आधी पाहिलेल्यांचा. नायिका दोन्हींत रिंकू राजगुरूच, तरी भांडण मिटलं नाही.

गेल्या आषाढात सिनेमा निवडायची पाळी माझी होती. मी प्रभातचा ‘संत तुकाराम’ निवडला. भाषांतर हा माझा व्यवसाय, त्यामुळे अभंगांचा अर्थ अधूनमधून कन्नडमध्ये सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. शेवटी गरुडाचं विमान वैकुंठाला निघालं, दिवे लागले आणि माझ्या सासूबाई खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या, “चांगला आहे. पण आमचा जास्त चांगला.”

“आमचा म्हणजे कुठला, अत्ती?”

“राजकुमारचा.”

मी हसले. चारचौघांत, मोठ्यानं. त्या काही बोलल्या नाहीत, वर निघून गेल्या.

त्या हसण्यामागे माझं शिक्षण होतं. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला असताना आमच्या वह्यांमध्ये बाण असायचे. मूळ कृती डावीकडे, प्रभाव उजवीकडे, मध्ये बाण. त्या हिशेबात प्रभातचा तुकाराम डावीकडे आणि बाकी सगळे उजवीकडे. डावीकडच्याची बाजूही भक्कम आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३६ चा. मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. एकेकाळी स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस त्यात तुकाराम झाले आणि लोक त्यांच्या पाया पडू लागले. माझं स्वतःचं मत विचाराल, तर हा चित्रपट गौरीबाईंच्या जिजाईचा आहे. पोर आजारी पडल्यावर पायताण हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात घुसणारी, आणि नवरा वैकुंठाला निघाला तरी पोरांच्या पोटाची काळजी करत घरीच थांबणारी ती बाई पाहिली, की इटलीतला नववास्तववाद आपल्याकडे दहा वर्षं आधीच चुलीपाशी येऊन बसला होता, असं वाटतं. विमान मात्र मला तेव्हाही पुठ्ठ्याचं वाटलं, आजही वाटतं.

एवढी मतं माझ्यापाशी होती. पण ज्याला मी हसले, तो १९६३ चा कन्नड ‘संत तुकाराम’ मी पाहिलेलाच नव्हता. ही गोष्ट रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आली.

मग मी शोधाला लागले. पडद्यावरचा तुकाराम महाराष्ट्राबाहेर जायला १९६३ पर्यंत थांबला नव्हता. प्रभातनंतर दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, तो तमिळमध्ये आला. त्यात तुकाराम होते मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर, कर्नाटक संगीतातले मोठे गवई. १९७३ मध्ये तेलुगूत ‘भक्त तुकाराम’ आला. अक्किनेनी नागेश्वर राव तुकाराम आणि शिवाजीमहाराजांच्या भूमिकेत शिवाजी गणेशन. ज्यानं महाराजांची भूमिका करून ‘शिवाजी’ हे नाव मिळवलं, तो तमिळ नट तेलुगू पडद्यावर मराठी संताला भेटायला आला. माझ्या वहीतला कुठलाही बाण इतका वाकडा जात नव्हता.

तमिळ माणसाला देहूच्या वाण्याची ओळख सिनेमानं करून दिली, असं मी धरून चालले होते. ते खरं नाही. तंजावरला मराठी भोसल्यांचं राज्य होतं, आणि तिथे मराठी कीर्तनकारांची ये-जा होती. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तिथे राहून कीर्तनं करत. ती ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी आपली कथा सांगण्याची रीत घडवली, आणि आज तमिळनाडूत जिला हरिकथा म्हणतात तिच्यात मराठी साकी, दिंडी, ओवी तशाच राहिल्या. म्हणजे मुसिरींचा तुकाराम पुण्याहून रेल्वेनं आला नव्हता. तो आधीच तिथे कथा सांगत बसला होता, सिनेमानं फक्त दिवा लावला.

आमच्या शेजारी कुंभकोणमच्या एक आजी राहतात. त्यांनी १९३८ चा तो चित्रपट पाहिलेला नाही, मलाही त्याची प्रत कुठे मिळाली नाही. पण त्यांच्या आईनं पाहिला होता आणि तिचं मत आजींना पाठ आहे: गोष्ट निम्मी झोपेत गेली, गाणं सुरू झालं की जाग यायची. चित्रपट हाती नाही, मत आहे. चित्रपटांचा इतिहास लिहिणारे छापील परीक्षणं जपून ठेवतात. असली मतं कोण जपणार?

कन्नड तुकारामाकडे वळताना माझी वेगळीच पंचाईत झाली. हा चित्रपट सुंदरराव नाडकर्णींनी दिग्दर्शित केला. ते मूळचे मंगळूरचे, आणि मद्रासला तीन दिवाळ्या चाललेला १९४४ चा तमिळ ‘हरिदास’ त्यांचाच. प्रभातचा चित्रपट आवाज बदलून कन्नडमध्ये आणण्याऐवजी नवा का केला, हा माझ्यासारखीला पडणारा प्रश्न. उत्तर त्या काळात आहे. साठच्या दशकात कर्नाटकात डबिंगविरुद्ध चळवळ उभी राहिली. अ. न. कृष्णराव यांच्यासारखे लेखक आणि स्वतः राजकुमार तिच्यात होते. परभाषेतले चित्रपट कन्नड आवाज लावून येऊ लागले, तर कन्नड नट, वादक, लेखक यांच्या पोटावर पाय येईल, ही भीती होती. कन्नड चित्रपट तेव्हा बहुतांशी मद्रासच्या स्टुडिओंमध्ये, दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर तयार व्हायचे. पुढे कित्येक दशकं कन्नडमध्ये डब केलेला चित्रपट थिएटरात जवळजवळ लागलाच नाही. तसा कायदा नव्हता, नुसता संकेत होता, आणि तो कायद्याहून कडक होता. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निकाल दिला, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

भाषांतरकार म्हणून मला या बंदीचा नेहमी राग येत असे. दुसऱ्याची गोष्ट आपल्या भाषेत ऐकण्याचा हक्क अडवायचा म्हणजे काय! आजही मला बंदी पटत नाही. पण या शोधात एक गोष्ट दिसली, जी आधी दिसली नव्हती. उसना आवाज नको म्हणणाऱ्या लोकांनी तुकारामाला नको म्हटलं नाही. त्यांनी त्याला आपल्या नटाचं अंग आणि आपल्या गायकाचा गळा दिला. राजकुमार गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीतून आलेले. १९५४ च्या ‘बेडर कण्णप्प’पासून त्यांनी पडद्यावर भक्त उभे केले होते. १९६२ मध्ये ते कबीर झाले, १९६३ मध्ये तुकाराम, १९७४ मध्ये गोरा कुंभार. कन्नड प्रेक्षकाला मराठी संत परके वाटायचं कारणही नव्हतं. पंढरपूरची वाट कर्नाटकातून पूर्वीपासून चालती आहे, पुरंदरदासांचा विठ्ठल तोच. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विठोबाची पाळंमुळं दक्षिणेत किती खोल आहेत ते दाखवलं आहे. मूर्तीच जर सीमेच्या दोन्ही अंगांची, तर तिच्या भक्ताला कुठला दाखला मागायचा?

आणि माझं ते डावीकडचं ‘मूळ’? त्याकडेही नीट पाहावं लागलं. प्रभातच्या तुकारामातले चमत्कार तुकोबांच्या गाथेपेक्षा महिपतीच्या संतचरित्रांतून आलेले आहेत, आणि महिपती तुकोबांनंतर शंभरेक वर्षांनी लिहीत होता. म्हणजे १९३६ चा चित्रपट हेच एक भाषांतर, पोथीचं पडद्यावर केलेलं. त्याहून मजेची गोष्ट गाण्याची. चित्रपटातला खलनायक सालोमालो, तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. आणि त्याच चित्रपटातलं सर्वांत लोकप्रिय गाणं तुकोबांचं नाहीच, ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं. मराठी माणूस वर्षानुवर्षं ते तुकोबांचं समजून गात आला. माझी आजी तर देवापुढे म्हणायची. तिला कुणी खरं सांगितलं असतं, तरी तिनं चाल बदलली नसती.

पंधरा दिवसांनी मी सासूबाईंना म्हटलं, “अत्ती, मी त्या दिवशी उगाच हसले.” त्या तलावाकाठच्या बाकावर बसल्या होत्या. पलीकडे उड्डाणपुलावर गाड्यांची रांग लागलेली. थोडा वेळ थांबून त्यांनी सांगितलं ते असं.

१९६३ मध्ये त्या पंधरा वर्षांच्या होत्या. वडील लहानपणीच गेलेले. आई मडीतली, लाल आलवण नेसणारी. ती घराबाहेर पडायची फक्त मठात, पुराणाला, नाहीतर कुणाच्या मयताला. सिनेमाचं नावसुद्धा घरात काढायची सोय नव्हती. पण तुकाराम लागला, तेव्हा मोठे काका म्हणाले, हे कीर्तनच आहे, जाऊ दे तिला. हुबळीच्या टॉकीजच्या दारात आईनं चपला काढल्या आणि तिकीट फाडणाऱ्या माणसाला हात जोडले. मध्यंतरात सगळे उठले, ती हलली नाही. परत आल्यावर तिनं डोक्यावरून अंघोळ केली, कारण परक्या माणसांत बसून आली होती. आणि अंघोळ करताना ती त्यातलं गाणं गुणगुणत होती.

“आईला गाताना मी तेवढंच ऐकलं,” सासूबाई म्हणाल्या. “पुन्हा ती सिनेमाला गेली नाही.”

संतपटांनी बायकांना थिएटरात आणलं, हे वाक्य मी वाचलं होतं, एका अनुवादात लिहिलंही होतं. त्यातली एक बाई माझ्याच घरातली होती, हे माहीत नव्हतं. ‘आमचा जास्त चांगला’ हे मत चित्रपटाबद्दलचं आहे असं समजून मी त्याला तोलायला गेले होते.

आता मत बदललं का? पुरतं नाही. जिजाई मला अजूनही भारतीय पडद्यावरच्या सर्वांत खऱ्या बायकांपैकी एक वाटते. २०१२ चा चंद्रकांत कुलकर्णींचा ‘तुकाराम’ माझ्या मुलानं आधी पाहिला. त्यातला दुष्काळ पाहिलेला असल्यामुळे त्याला प्रभातचा तुकाराम फार गोड वाटतो. त्याचंही चूक म्हणवत नाही. प्रत्येकाचं मूळ ते, जे त्याला आधी भेटलं. माझ्या वहीतले बाण काळाप्रमाणे काढलेले होते, माणसं तशी जगत नाहीत. आम्ही राहतो त्या गावाचंच पाहा. २०१८ मध्ये इथे कित्तय्या नावाच्या वीराचा, साधारण इसवी सन ७५० चा शिलालेख उजेडात आला. त्यात या जागेचं नाव ‘पेर्बोळल’ असं आहे. जुन्या कन्नडमधल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला आणि तोंडातोंडांतून घासत त्याचं हेब्बाळ झालं. आज रिक्षावाल्याला पेर्बोळल सांगून घरी पोचता येणार नाही.

मी सासूबाईंना म्हटलं, “तुमचा तुकाराम पुढच्या महिन्यात लावू या का? मी प्रत शोधते.”

त्यांनी मान हलवली. “तू बघ,” म्हणाल्या. “पण कसा आहे ते मला सांगू नकोस.”