रायफलची ॲक्शन

रायफलची ॲक्शन म्हणजे नळीच्या मागील टोकात काडतूस भरणारी, गोळी सुटताना ते टोक बंद ठेवणारी व रिकामे काडतूस बाहेर काढणारी यंत्रणा होय.

प्रकार

बोल्ट ॲक्शनमध्ये मूठ उचलून बोल्ट हाताने मागे-पुढे सरकवतात. ही रचना मजबूत व अचूक मानली जाते. लिव्हर ॲक्शनमध्ये चापाभोवतीचा दांडा खाली-वर केला जातो. ती डावखुऱ्यांनाही सोयीची असते. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये पुढील काडतूस आपोआप भरले जाते, मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप ओढावा लागतो.

भारतातील निवड

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे भारतात हौशी शिकारीस बंदी आहे. त्यामुळे शिकारीसाठी विकसित झालेल्या या यंत्रणांची निवड आता प्रामुख्याने क्रीडा नेमबाजीच्या नियमांनुसार होते. पुण्यात हिंजवडीजवळील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजी केंद्र आहे. ५० मीटर रायफल प्रकारात ५.६ मिमी व्यासाचे एकच काडतूस एका वेळी भरता येते, म्हणून बहुतेक रायफली बोल्ट ॲक्शनच्या असतात. वैयक्तिक पसंतीला वाव राहतो तो बोल्टची बाजू, चापाचा ताण व दस्त्याची ठेवण यांत. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले.