बास गिटार : पिकअप व नादगुण

विद्युत् बास गिटारच्या पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत् संदेशात रूपांतर करणारे साधन म्हणजे पिकअप. वाद्याचा नादगुण त्याच्या रचनेवर व तारेखालील जागेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. सतार, तंबोरा, व्हायोलिन यांसारख्या वाद्यांत तारेचे कंपन घोडीमार्फत भोपळ्यास वा पोकळ पेटीस मिळते आणि श्रोत्यास ऐकू येतो तो मुख्यतः त्या पोकळीने फुलविलेला नाद. भरीव लाकडाच्या बास गिटारला अशी पोकळी नसते. तिच्या तारेतील जे पिकअपने टिपले तेच विवर्धकाकडे जाते. जे टिपले गेले नाही ते नंतर विवर्धकाची नियंत्रणे फिरवून परत मिळत नाही. म्हणून या वाद्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच्या पिकअपचा इतिहास आहे. पिकअपच्या रचनेतील अनेक बदल व्यावहारिक अडचणींच्या निवारणार्थ करण्यात आले. पण त्यांतूनच पुढे निरनिराळ्या संगीतप्रकारांची ओळख ठरलेले नाद जन्मास आले.

कार्यतत्त्व : सर्वांत प्रचलित असा चुंबकीय पिकअप मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालतो. त्यात कायम चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. चुंबकाच्या सान्निध्यामुळे वाद्याची पोलादी तारही चुंबकित होते. ती कंप पावू लागली, की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत बदलतो व वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. आतड्याच्या वा नायलॉनच्या तारांना हा पिकअप प्रतिसाद देत नाही. वेढे वाढविल्यास संदेशाचा जोर वाढतो. परंतु त्याबरोबर वेटोळ्याची प्रवर्तकताही वाढते. ही प्रवर्तकता आणि वेटोळे व जोडकेबल यांची विद्युत् धारणा यांच्या संयोगाने एका विशिष्ट कंप्रतेस (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येस) अनुस्पंदन होते व तिच्या वरील कंप्रता झपाट्याने क्षीण होतात. वेढे जितके अधिक तितकी ही मर्यादा खाली येते आणि नाद जोरकस पण बोजड होतो. वेढे कमी असल्यास तो स्वच्छ व तेजस्वी, परंतु दुर्बळ राहतो. चुंबक तारेच्या फार जवळ आणल्यास त्याच्या ओढीने तारेचे कंपन बिघडून स्वर डळमळतो.

जागेचे महत्त्व : छेडलेल्या तारेतून मूलस्वराबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट इ. कंप्रतांचे अधिस्वर निघतात. प्रत्येक अधिस्वराचे तारेवर काही निस्पंद बिंदू असतात. तेथे त्या अधिस्वरापुरती तार स्थिर असते. अशा बिंदूखाली असलेल्या पिकअपला तो अधिस्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. बास गिटारच्या तारेची कंप पावणारी लांबी सामान्यतः ३४ इंच (सु. ८६ सेंमी.) असते. सर्वांत खालच्या सुट्या तारेचा मूलस्वर ४१·२ हर्ट्‌झ असतो. घोडीपासून चतुर्थांश अंतरावर, म्हणजे सु. २१·५ सेंमी.वर, पिकअप ठेवल्यास तिचा १६४·८ हर्ट्‌झचा चौपट अधिस्वर लुप्त होतो. तीच तार बाराव्या पडद्यावर दाबली, की तिची लांबी निम्मी होऊन पिकअप तिच्या मध्याखाली येतो व मग सर्व समसंख्य अधिस्वर क्षीण होतात. त्यामुळे एकाच तारेवरील निरनिराळ्या स्वरांचा नादगुणही थोडाथोडा बदलत जातो. घोडीजवळ मूलस्वराचे आंदोलन अल्प असल्याने तेथील आवाज रेखीव व तीक्ष्ण असतो. मानेकडे जावे तसा मूलस्वर भरत जाऊन आवाज गोल व गंभीर होतो. तंतुवाद्याची तार घोडीकडे छेडली असता निघणारा कडक आवाज व मध्याकडे छेडली असता निघणारा मऊ आवाज यांतील भेद याच जातीचा आहे. मात्र येथे छेडण्याची नव्हे, तर ऐकण्याची जागा बदलते.

ऐतिहासिक विकास : अमेरिकेत जॉर्ज बोशां (१८९९–१९४१) व अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३०–४० या दशकाच्या प्रारंभी मांडीवर ठेवून वाजवावयाच्या गिटारसाठी नालाच्या आकाराचे चुंबक असलेला पिकअप प्रचारात आणला, बोशां यांना त्याचे एकस्व १९३७ मध्ये मिळाले. सु. १९३६ मध्ये सिअ‍ॅटल येथील पॉल टुटमार्क (१८९६–१९७२) यांनी पडदे असलेले व आडवे धरून वाजवावयाचे विद्युत् बास वाद्य विक्रीस आणले. परंतु ते रूढ झाले नाही.

या वाद्यास स्थिर रूप दिले ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर (१९०९–९१) यांनी. त्यांचे प्रिसिजन बास १९५१ मध्ये बाजारात आले. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून हे नाव. त्यात चार चुंबकदंडांचा एकच वेटोळ्याचा पिकअप घोडीपासून तारेच्या सु. एकषष्ठांश अंतरावर होता. या रचनेत दोन उणिवा होत्या. एकेरी वेटोळे आसपासच्या वीजवाहिन्यांतील प्रत्यावर्ती प्रवाहाची घरघरही टिपते. शिवाय प्रत्येक तारेच्या थेट खाली एकच दंड असल्याने आघाताचा आवाज फार कठोर येई. १९५७ मध्ये फेंडर यांनी वेटोळ्याचे दोन भाग केले. प्रत्येक भाग दोन तारांसाठी असून तारेच्या दोन्ही बाजूंस एकेक चुंबकदंड आला. दोन्ही भाग उलट दिशांनी गुंडाळून व त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवून एकसरीत जोडल्यामुळे बाहेरची घरघर परस्परांत विरून गेली व तारांचा संदेश मात्र अबाधित राहिला. प्रत्येक तार एकाच जागी ऐकली जात असल्याने अधिस्वरांची परस्परांत वजाबाकी होत नाही. म्हणून हा नाद मध्य-मंद्र पट्ट्यात भरीव असतो व वाद्यवृंदाच्या गर्दीतही हरवत नाही. डिट्रॉइटमधील मोटाउन संस्थेच्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमर्सन (१९३६–८३) यांनी १९६०–७० या दशकात याच वाद्यावर, सपाट वेष्टनाच्या तारा व घोडीजवळ स्पंजाचा तुकडा वापरून, बासच्या साथीला स्वतंत्र सुरावटीचे स्थान मिळवून दिले.

गिब्सन या कॅलमझू येथील कंपनीने १९५३ मध्ये आणलेल्या बासमध्ये पिकअप मानेलगत बसविला होता. मूलस्वर तेथे प्रबळ असतो. त्यातच वेढ्यांची संख्या फार मोठी असल्याने वरचे अधिस्वर बव्हंशी दबून जात. सेथ लव्हर (१९१०–९७) यांनी त्याच कंपनीसाठी १९५५ मध्ये दुहेरी वेटोळ्यांच्या घरघर-निवारक पिकअपच्या एकस्वासाठी अर्ज केला. ही कल्पना दशकाच्या अखेरीस बास गिटारमध्येही आली. घनदाट पण अस्पष्ट असा हा आवाज विवर्धक तापवून वाजविणाऱ्या रॉक वादकांना मानवला. क्रीम या वृंदातील जॅक ब्रूस (१९४३–२०१४) यांचे वादन त्याचे उत्तम उदाहरण होय.

फेंडर यांनी १९६० मध्ये जॅझ बास आणले. त्यात दोन अरुंद एकेरी पिकअप निरनिराळ्या जागी असून प्रत्येकाचे नियंत्रण वेगळे आहे. दोन्ही सारखेच उघडले असता काही अधिस्वर दोन जागी परस्परविरुद्ध कलांत येऊन मध्य पट्टा खोलगट होतो. त्यामुळे अंगठ्याने तार ठोकून वाजविण्याच्या शैलीस हा नाद फार शोभतो. पुढील दशकारंभी घोडीकडील पिकअप अवघा सु. १ सेंमी. घोडीजवळ सरकविण्यात आला. तेवढ्याने आवाज ठळकपणे अधिक रेखीव झाला. याउलट जॅको पॅस्टोरियस (१९५१–८७) यांनी १९६२ च्या जॅझ बासवरून पडदे काढून, स्वरपट्टीस कठीण रेझिनाचा लेप देऊन व मुख्यतः घोडीकडील पिकअपवर भर देऊन, गळ्यासारखा घसीट घेणारा नाद साधला. त्यांच्या १९७६ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेने जॅझ संगीतात या वाद्याला एकलवादनाची प्रतिष्ठा दिली.

प्रारंभीच्या पिकअपचा संरोध जास्त असल्याने लांब केबलमध्येच बरेच तेज हरपत असे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅलेम्बिक कंपनीने कमी वेढ्यांचे पिकअप व वाद्यातच बसविलेला, घटमालेवर चालणारा पूर्वविवर्धक यांची सांगड घालून यावर मार्ग काढला. १९७६ मधील म्यूझिक मॅनच्या स्टिंगरे बासने ही रचना अनेकांच्या आवाक्यात आणली. तिच्या एकाच मोठ्या पिकअपची दोन वेटोळी समांतर जोडलेली असल्याने घरघर टळून तेजही टिकते. शीक या वृंदातील बर्नार्ड एडवर्ड्‌स (१९५२–९६) यांच्या वादनामुळे हा टणक, ठसठशीत नाद नृत्यसंगीतात रूढ झाला.

मूल्यमापन : नाद केवळ पिकअपवर अवलंबून नाही, तारांचे वेष्टन, विवर्धक, ध्वनिक्षेपक आणि सर्वांत अधिक वादकाची बोटे यांचाही त्यात वाटा असतो. तथापि तारेतील समृद्ध अधिस्वरांपैकी कोणते पुढे जाणार, ही पहिली निवड पिकअपच करतो. सत्तरीच्या दशकापासून सुट्या पिकअपचे उत्पादन हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला असून त्यातील पुष्कळ उत्पादने १९५७ व १९६० च्या रचनांचे अनुकरण करतात. आघाताची कठोरता घालविण्यासाठी लावलेला दुसरा चुंबकदंड किंवा घोडीकडे सरकविलेला एक सेंटिमीटर यांसारख्या लहान बदलांना श्रोत्यांच्या कानांनी अशा प्रकारे परंपरेचे स्थान दिले आहे.