हंसराज : चिऱ्याच्या भिंतीवरचं नेचं ओळखायचं कसं?

पाऊस लागला की चोर्ला घाटातल्या दरडींवर, खानापूर-जांबोटी भागातल्या ओढ्याकाठी आणि गोव्यातल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर अर्धचंद्रासारख्या पानांचं एक छोटं नेचं उगवतं. हाच आपला हंसराज, काही ठिकाणी हंसपदी. शास्त्रीय नाव अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स. लिनियसने ते १७५३ साली दिलं.

खोड आखूड, मातीलगत असतं आणि त्यावर तपकिरी खवले असतात. त्यातून पानांचा झुबका निघतो. पान साधारण १५ ते ३० सेंटिमीटर लांब. देठ तारेसारखा बारीक, काळपट आणि चकचकीत. त्याच्या दोन्ही बाजूंना आलटून-पालटून पर्णिका येतात. पर्णिकेची खालची कड जवळपास सरळ, वरची गोलाकार. तिला मधली शीर नसते; बारीक शिरा पंख्यासारख्या दुभंगत कडेपर्यंत जातात. पानावर पाणी पडलं तरी थेंब ओघळून जातो. अ‍ॅडिअँटम या ग्रीक नावाचा अर्थच ‘न भिजणारं’.

याला फूल नाही, बी नाही. पर्णिकेची वरची कड खाली दुमडलेली दिसते, त्या दुमडीखाली बीजाणू तयार होतात. दुसरी सोय म्हणजे पानाचा शेंडा लांबून जमिनीला टेकतो, तिथे मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. औषधी म्हणून हंसराज या नावाने एकच नेचं ओळखलं जात नाही. अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिसचं पान दोन-तीनदा विभागलेलं असतं, आपल्या हंसराजाचं एकदाच. अ‍ॅडिअँटम इन्सिसमचा शेंडाही मुळं धरतो, पण त्याच्या अंगावर लव असते आणि पर्णिका जवळजवळ बिनदेठाच्या. आपल्या हंसराजाच्या पर्णिकेला स्वतःचा बारीक देठ असतो आणि पान गुळगुळीत असतं. तेव्हा नुसत्या नावावर विसंबून कुठलंही पान औषधाला तोडू नका.

पावसाळा सरला की पानं वाळतात, भिंतीवर काळ्या काड्या उरतात. ते मेलं असं समजून खरवडू नका. खोड जिवंत असतं, पुढच्या पावसात तिथूनच पुन्हा कोंब येतात.